कामाला लावणारी पुस्तकं

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



झेन आणि पौर्वात्य अध्यात्मावरच्या पुस्तकांतून मनःशांती मिळते का, असा विषय मला दिला आहे. कोणत्याही मोठ्या पुस्तकांच्या दुकानात या पुस्तकांचं एक अख्खं कपाट असतं, आणि ती विकत घेणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या घरात वर्षानुवर्षांचं आजारपण असतं, कुणाची मुलं दूरदेशी असतात आणि घरात दोघंच उरलेली असतात. रात्री झोप लागत नाही म्हणून माणूस पुस्तक उघडतो, चार पानं वाचतो, श्वास जरा संथ होतो. ही शांती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ती सकाळपर्यंत पुरत नाही. मग दुसरं पुस्तक येतं, तिसरं येतं, आणि कपाट भरत जातं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या परंपरेत जी पुस्तकं खरोखर मोलाची ठरली, त्यांनी वाचकाला थोपटून निजवलं नाही, कामाला लावलं. ज्यांना शांती लाभली, त्यांना ती त्या कामात लाभली.

झेन ही तर शब्दांपलीकडची साधना, तिला पुस्तकं कशाला, असं पुष्कळ जण म्हणतात. परंपरेत तशा कथाही आहेत. देशान नावाच्या चिनी आचार्यांनी वज्रच्छेदिका या बौद्ध सूत्रावरची स्वतःची भाष्यं जाळून टाकली, असं सांगतात. ते वारले इ.स. ८६५ मध्ये. त्यानंतर तीनच वर्षांनी, म्हणजे ८६८ साली, वांग जिए नावाच्या एका माणसाने आईवडिलांच्या नावाने, लोकांना फुकट वाटण्यासाठी, हेच वज्रच्छेदिका सूत्र छापवून घेतलं. चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडलेली ती प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तारीख नोंदवलेलं, जगातलं सर्वांत जुनं संपूर्ण छापील पुस्तक ते हेच. एकाच सूत्रावरची भाष्यं एकाने जाळली आणि दुसऱ्याने तेच सूत्र छापून वाटलं. त्या काळातल्या श्रद्धेला हे दोन्ही मान्य होतं, हे ध्यानात ठेवावं.

आता एका आचाऱ्याची हकिकत सांगतो. माझ्या मते झेनच्या साऱ्या साहित्यात इतकं उपयोगी दुसरं काही नाही.

१२२३ साली जपानहून एक तेवीस वर्षांचा भिक्षू चीनच्या किनाऱ्याला लागला. त्याचं नाव दोगेन. जपानमधल्या सोतो पंथाचा तो पुढे प्रवर्तक झाला. लहानपणीच आई गेलेली, घराणं खानदानी, वाचन अफाट. सुरुवातीचे काही आठवडे त्याचा मुक्काम जहाजावरच होता. तिथे एके दिवशी साठी उलटलेले एक भिक्षू आले. सम्राट अशोकाचं नाव असलेल्या डोंगरावर एक विहार होता, त्याच्या मुदपाकखान्याचे ते प्रमुख. सणाचं जेवण करायचं होतं, म्हणून जपानी अळंबी विकत घ्यायला ते कोसच्या कोस पायी चालत आले होते. दोगेनला बोलायला असं माणूस हवंच होतं. त्याने राहण्याचा आग्रह केला. आचारी म्हणाले, उद्याचा स्वयंपाक माझ्याकडे आहे, मला गेलं पाहिजे. एवढ्या मोठ्या विहारात दुसरं कुणी रांधणारं नाही का, असं दोगेनने विचारलं. मग मनातलं बोलला: या वयात तुम्ही ध्यानाला बसावं, जुन्या आचार्यांची वचनं अभ्यासावीत, ते सोडून हे चुलीपुढचं कष्टाचं काम कशाला? वृद्ध भिक्षू मोठ्याने हसले. साधना कशाला म्हणतात आणि अक्षरं म्हणजे काय, हे या परदेशी मुलाला अजून उमगलेलं नाही, अशा अर्थाचं काही बोलले आणि दिवस मावळायच्या आत परत निघाले.

दोन महिन्यांनी दोघांची पुन्हा गाठ पडली. अक्षरं म्हणजे काय, हा प्रश्न दोगेनच्या मनात घर करून राहिला होता. तो त्याने विचारला. आचाऱ्यांनी उत्तरादाखल एकापासून पाचापर्यंत आकडे म्हटले आणि थांबले. या उत्तरावर पंडितांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला त्यात इतकंच ऐकू येतं की, ग्रंथातली अक्षरं आणि तांदूळ मोजताना तोंडात येणारे आकडे यांत त्या माणसाला वरचं-खालचं काही दिसत नव्हतं.

पुढे जपानला परतल्यावर, १२३७ साली, दोगेनने मुदपाकखान्याच्या प्रमुखासाठी एक छोटा ग्रंथ लिहिला. ‘तेन्झो क्योकुन’ हे त्याचं नाव. तांदळातले खडे कसे निवडावेत, एक दाणाही वाहून जाऊ नये म्हणून धुवणाचं पाणी कसं गाळून घ्यावं, कोणतं भांडं वर ठेवावं आणि कोणतं खाली, हे त्यात सांगितलं आहे. साधा पाला शिजवताना मन आकसू नये आणि उंची जिन्नस हाती आला म्हणून हुरळू नये, हेही सांगितलं आहे. तुमच्यापैकी अनेकांना ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी’ म्हणणारे सावता माळी आठवले असतील, आणि ते साहजिकच आहे. दोगेनने त्याही पुढे जाऊन कामाचा एकेक तपशील लिहून ठेवला. मन स्थिर करा, एवढं सांगून तो गप्प बसत नाही. हात कुठे ठेवायचा ते सांगतो. शांतीची पुस्तकं वाचून ज्यांचं समाधान होत नाही, त्यांच्या वाट्याला हा तपशील बहुधा आलेलाच नसतो.

आता आपल्या भाषेकडे येतो, कारण पुस्तकाने माणसाला उठवून चालायला लावल्याचं सर्वांत मोठं उदाहरण मराठीतच आहे. धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६, गोव्यातल्या सांखवाळ गावी. शालेय शिक्षण जेमतेम, डोक्यावर घरच्या नारळाच्या बागेची आणि संसाराची जबाबदारी, आणि मनात सतत खिन्नता. तुकारामांच्या अभंगांनी त्यांना त्या दिवसांत धीर दिला. ‘बालबोधमेवा’ नावाचं मुलांचं मासिक तेव्हा निघत असे. मिशनऱ्यांनी चालवलेल्या या मासिकात बुद्धाच्या चरित्रावर आलेला एक छोटासा लेख त्यांच्या वाचनात आला. ग्रंथ नाही, भाष्य नाही, मुलांसाठी लिहिलेला लेख. त्या लेखाने त्यांची खिन्नता शमवली असती तर ते गोव्यातच राहिले असते आणि आज आपल्याला त्यांचं नावही ठाऊक नसतं. झालं उलटंच. ती अस्वस्थता वाढली, आणि तिला दिशा मिळाली. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, हे एकच काम त्यांच्यापुढे उरलं.

१८९९च्या अखेरीला त्यांनी घर सोडलं. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती, हे विसरून चालणार नाही. बाळाबाईंनी जे सोसलं त्याचा हिशेब कोणत्याही ज्ञानाने चुकता होत नाही, असं मला मनापासून वाटतं. पुण्यात ते संस्कृतचे पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. मग काशीला जाऊन अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळला गेले, तिथल्या बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराश झाले. सिंहलद्वीपात कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकले आणि १९०२ मध्ये भिक्षू झाले. पुढे ब्रह्मदेशात राहून ध्यानाचा अभ्यास केला. परतल्यावर कलकत्त्याला पाली शिकवण्याचं काम मिळालं होतं. पण महाराष्ट्रात राहून लिहायचं या अटीवर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना पन्नास रुपये देऊ केले, तेव्हा ते कलकत्ता सोडून आले. कारण बुद्ध मराठीत आणणं हाही त्या कामाचाच भाग होता. १९१० साली ते हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. ज्यांची शाळाही धड पुरी झाली नव्हती, त्यांच्याकडून जगातल्या नामांकित विद्यापीठाने पालीतला एक कठीण ग्रंथ संपादित करून घेतला.

एवढ्यावर ते थांबले असते तरी मोठेच ठरले असते. पण १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले, आणि त्याच दशकात गिरणगावात, परळला, कष्टकऱ्यांच्या वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. ध्यान जाणणारा हा माणूस आपल्या विहारासाठी गिरणीच्या भोंग्याच्या टापूतली जागा निवडतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

महत्त्वाचं अशासाठी की, शांती नुसती स्वतःपुरती असेल तर ती कशाच्याही शेजारी सुखाने नांदू शकते. ऑयगेन हेरिगेल या जर्मन प्राध्यापकाचं धनुर्विद्या आणि झेनवरचं छोटं पुस्तक १९४८ साली निघालं आणि जगभर गाजलं. १९२४ ते २९ या काळात जपानमध्ये सेंदाई इथे असताना ते धनुर्विद्या शिकले होते. पुस्तक वाचताना मन खरंच निवळतं, मीही तो अनुभव घेतला आहे. पण हेच हेरिगेल १९३७ साली नाझी पक्षाचे सभासद झाले. जपानमध्येही झेनच्या कित्येक आचार्यांनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत साम्राज्याच्या युद्धांची भलामण केली. मरणाला न भिणारं, कसलाही विचार न करणारं मन सैनिकाला उपयोगीच पडत होतं. ब्रायन व्हिक्टोरिया या सोतो पंथातल्याच भिक्षूने १९९७ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. स्वतः सोतो पंथाने त्याआधी, १९९२ साली, जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला होता. तेव्हा एखादं पुस्तक वाचून मन शांत झालं तर मी पुढचा प्रश्न विचारतो: या शांतीने मला शेजाऱ्याच्या दुःखाच्या जवळ नेलं की लांब? जवळ नेणारं पुस्तकही असतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळकरी वयात कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र भेट दिलं होतं. त्या भेटीपासून निघालेली वाट नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत पोचली. लाखो माणसांना तिथे जे मिळालं, त्यात मनाचं समाधान आणि माणूस म्हणून ताठ उभं राहणं या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

आणखी एक उदाहरण थोडक्यात. मुंबईत खेतवाडीतल्या माळ्यावर निसर्गदत्त महाराज मराठीत बोलत. एके काळी विडीचं दुकान चालवणारा गृहस्थ माणूस. ते संवाद १९७३ साली ‘आय अ‍ॅम दॅट’ या नावाने इंग्रजीत आले आणि युरोप-अमेरिकेतून माणसं गिरगावच्या गल्लीत येऊ लागली. ते इंग्रजीत आणणारे मॉरिस फ्रिडमन मूळचे पोलंडचे इंजिनियर. औंध संस्थानात राज्यकारभार गावकऱ्यांच्या हाती देणारी घटना तयार करण्यात त्यांचा हात होता, औंधचा कैद्यांच्या मुक्त वसाहतीचा प्रयोगही त्यांच्याशी जोडलेला आहे. ‘मी कोण’ हा प्रश्न खोलवर विचारणारा हा माणूस संस्थानाची घटनाही बारकाईने लिहीत होता. मराठी वाचकांना ते संवाद ‘सुखसंवाद’ या नावाने मिळतात.

मग वाचायचं कसं? इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाणाऱ्याची पुस्तकं, वही, पेन आणि फोन पहिल्याच दिवशी बाजूला ठेवले जातात. मौन, आणि बसणं. पण त्याच इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण तिपिटक, म्हणजे पाली धर्मग्रंथ, आणि त्यावरच्या अट्ठकथा, म्हणजे भाष्यं, देवनागरीत १४० खंडांत छापल्या. बसायच्या वेळी बसायचं आणि वाचायच्या वेळी वाचायचं. दोन्हींची सरमिसळ नको. धम्मगिरीचे संस्थापक सत्यनारायण गोएंका स्वतः डोकेदुखीवर उपाय म्हणून ब्रह्मदेशातले विपश्यनेचे गुरू ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा गुरूंनी तेवढ्या कारणासाठी त्यांना घ्यायला आधी नकार दिला होता. दुखणं बरं होईलही, पण त्यासाठी येऊ नका, असं त्यांचं म्हणणं होतं. शांतीसाठी पुस्तक उघडणाऱ्यालाही हे लागू आहे.

सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी, असं व्याख्यानानंतर हमखास विचारलं जातं, म्हणून आत्ताच सांगतो. कोसंबींचं ‘निवेदन’ हे आत्मकथन वाचा. त्यात भूक, आजार, पैशांची ओढाताण, परक्यांची मदत, सगळं सरळ मराठीत आहे. मग त्यांचंच ‘समाधिमार्ग’ घ्या. ते एका बैठकीत संपवू नका. त्यात श्वासावरचं ध्यान सांगितलं आहे. तेवढाच भाग दोन-तीनदा नीट वाचा, पुस्तक मिटून ठेवा आणि महिनाभर रोज सकाळी अर्धा तास बसा. महिना संपेपर्यंत दुसरं पुस्तक विकत घेऊ नका. अडलं, मन पळालं, पाय दुखले, तर पुन्हा तेच प्रकरण उघडा. जिथे अडलं असेल ती ओळ आता वेगळी वाचली जाईल.