सारेच वयाच्या खाती मांडू नका



मी डॉक्टर नाही. युनियनच्या वर्गणीच्या पावत्या फाडता फाडता जे वाचन झाले, तेवढीच माझी विद्या. तरी या विषयावर उभा राहिलो, कारण माझ्या हातून एक चूक घडली आहे.

आमच्या युनियनचे जुने खजिनदार होते. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. सत्तरीनंतर त्यांचा हिशेब चुकू लागला. बोलणे संथ झाले, आवाज घोगरा झाला. भर वैशाखात ते शाल पांघरून बसत. ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून मीच त्यांच्याकडून तिजोरीच्या किल्ल्या काढून घेतल्या. वर्षभराने सुनेने हट्टाने त्यांचे रक्त तपासून घेतले. दोष निघाला गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत! रोज उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांनी तात्या स्वतःच पावतीपुस्तक मागू लागले.

ही ग्रंथी थायरॉक्सिन नावाचा रस रक्तात सोडते. बॉयलरचा दाब उतरला की सारी यंत्रे मंदावतात, तसे हा रस कमी पडला की हृदय, आतडी आणि बुद्धीही मंदावते. हे ज्ञान नवे नाही. १८९१ साली न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. ती पुढे २८ वर्षे जगली. १९४९ साली लंडनच्या डॉ. रिचर्ड ॲशर यांनी या विकाराने वेड लागलेल्या १४ रुग्णांची हकीगत छापली. त्यांतील बहुतेक उपचाराने सुधारले.

मात्र भलती आशा नको. प्रत्येक विस्मरणाचे मूळ थायरॉईडमध्ये नसते. अल्झायमर या गोळीने बरा होत नाही. म्हातारपणी तपासणीत किंचित फरक आढळला, तर गोळीने बुद्धीला लाभ होतोच असे नाही. मात्रा जास्त झाली तर हृदयाची लय बिघडते, हाडे ठिसूळ होतात. म्हणून औषध डॉक्टरांच्याच सल्ल्याने घ्यावे. पण टीएसएच, बी-१२, सोडियम, कॅल्शियम या तपासण्या मागून घ्याव्यात.

चौकशीशिवाय कोणाला कामावरून काढू नका, असे मी तीस वर्षे मालकांना सांगत आलो. तात्यांना मात्र मी चौकशीशिवाय काढले. आपल्या घरी तसे होऊ देऊ नका, एवढीच विनंती.