तो इथेच का झोपतो?



गोदाघाटावर बोलायला उभं राहिलं की आजच्या विषयासाठी लांबची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. सभा सुटल्यावर आपल्यापैकी बरेच जण रामकुंडाच्या अंगानं घरी जातील. ओवऱ्यांत, पायऱ्यांवर, पुलाखाली माणसं पथाऱ्या पसरताना दिसतील. आपण त्यांना पाहिलेलं असतं, पण विचारलेलं मात्र काही नसतं.

आणि तरी आपण मदत करतो, हेही खरं. डिसेंबरात निफाडचा पारा पहिल्या पानावर आला की ब्लँकेटं वाटणारी मंडळं रात्री घाटावर येतात. एकाच माणसाच्या अंगावर एकाच आठवड्यात तीन ब्लँकेटं पडतात. सकाळी त्याला कामावर जायचं असतं. ब्लँकेटं ठेवायची कुठं? तो दोन विकतो. मग आपणच म्हणतो, बघा, दिलेलं विकून खातात! अहो, ज्याला कुलूप लावायला दार नाही, त्यानं तीन ब्लँकेटं सांभाळायची तरी कशी? थंडीत ब्लँकेट द्यावं, मी नको म्हणत नाही. पण देण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि आज मी त्याबद्दलच बोलणार आहे. हा माणूस इथेच का झोपतो?

बहुतेक वेळा उत्तर असतं, काम. मजूर अड्डा पहाटे भरतो. भाजी मार्केटात हमाली मिळते ती गाड्या येतात त्या वेळी. केटररकडे ताटं धुणारा रात्री एकला सुटतो. शहराबाहेर दीड-दोन हजारांत खोली मिळाली, तरी तिथून अड्ड्यावर वेळेत पोचायला वाहन नसतं, आणि रिक्षानं आलं तर मजुरीतलं उरत काही नाही. शिवाय डिपॉझिट आलं, ओळखीचा माणूस आला, करार आला. म्हणून तो कामाजवळ झोपतो. आळशी माणसाला फुटपाथवर झोपणं परवडतच नाही. तिथं पाणी विकत, शौचालय पैसे देऊन, आणि धान्य साठवता येत नाही म्हणून दोन्ही वेळचं जेवणही विकतच.

कामासाठी फुटपाथवर झोपावं लागतं, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात लिहिलेली आहे. 1981 च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारनं मुंबईतल्या फुटपाथवरच्या लोकांना हटवून आपापल्या मूळ गावी पाठवायचं ठरवलं. झोपड्या मोडल्या, माणसं बसमध्ये भरली. प्रकरण न्यायालयात गेलं. पत्रकार ओल्गा टेलिस अर्जदारांत होत्या, म्हणून ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. जुलै 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठानं निकाल दिला. ही माणसं हौसेनं फुटपाथवर राहत नाहीत, काम जवळ आहे म्हणून राहतात. त्यांना तिथून उठवणं म्हणजे त्यांची उपजीविका काढून घेणं, आणि जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असं पीठानं मान्य केलं. हा भाग आपण कौतुकानं सांगतो. पुढचा भाग सांगत नाही. त्याच निकालानं, नोटीस देऊन आणि पावसाळा संपल्यावर, महापालिकेला त्यांना हटवायची मुभाही दिली.

त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेनं भायखळ्याच्या आसपासच्या फुटपाथवासीयांची घरोघर म्हणावी तर तशी, म्हणजे पालोपाल, मोजणी केली. अनेक कुटुंबं तिथं वर्षानुवर्षं राहत होती आणि कामाला पायी जात होती. पुढं याच कुटुंबांतल्या बायकांनी 'महिला मिलन' ही संघटना उभी केली. रोज रुपया-दोन रुपये बाजूला टाकायचे, हिशेब आपल्यातल्याच बाईनं ठेवायचा, घर कसं हवं त्याचा नमुना आपणच करून बघायचा. त्यांतल्या काही कुटुंबांना मानखुर्दला स्वतःची घरं मिळाली, पण त्यासाठी फार वर्षं जावी लागली. इथं मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की मदत करणाऱ्यांनी त्यांना आधी मोजलं, ऐकलं, आणि पैशाचा व्यवहार त्यांच्याच हातात ठेवला.

आता जरा जुन्या मुंबईकडे वळू, कारण मला वाटतं आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं पडून आहे. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेला गडी एकटा असायचा. त्याचा पगार काही घर घेण्याजोगा नव्हता. तरी तो फुटपाथवर आला नाही, कारण गावमंडळाची खोली होती. एका खोलीत पंधरा-वीस जण. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. भिंतीला खुंटी आणि माळ्यावर ट्रंक एवढी त्याची जागा. जेवण खाणावळीत, पैसे पगार झाल्यावर. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा'त संघटित केलं. या व्यवस्थेचे हाल मी गोड करून सांगणार नाही. ढेकूण होते, खोकला होता, बायको गावाकडे होती. पण कामापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, महिन्याला परवडेल अशी, कुलपाची ट्रंक ठेवायला जागा असलेली पथारी शहरात मिळत होती. आज बांधकामावर येणाऱ्या परभणीच्या किंवा बिहारच्या मुलाला तशी पथारी कुठं आहे? स्वस्त पथारी संपली, तेव्हा बेघरपण वाढलं. कुणाच्या व्यसनानं नव्हे.

सरकारी कागदावर उपाय आहे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की एक लाख शहरी लोकसंख्येमागं शंभर जणांचं एक निवारा केंद्र हवं. 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानं तेच प्रमाण घेतलं, माणशी पन्नास चौरस फूट जागा सांगितली, केंद्र बारा महिने चोवीस तास उघडं ठेवायला सांगितलं आणि ते बेघरांच्या वस्तीजवळ व कामाजवळ असावं असं लिहिलं. वाचायला उत्तम. प्रत्यक्षात महापालिकेला मोकळी जागा सापडते ती गावाच्या टोकाला. मग खाटा रिकाम्या राहतात आणि अहवालात लिहिलं जातं की लाभार्थी यायला तयार नाहीत. नवरा एका केंद्रात, बायको दुसऱ्या केंद्रात, पोरं तिसरीकडे असं सांगितलं तर तुम्ही जाल का?

2011 च्या जनगणनेत, 28 फेब्रुवारीच्या रात्री, देशात 17 लाख 73 हजार बेघर मोजले गेले. महाराष्ट्रात दोन लाखांवर. एका रात्रीत कंदील घेऊन शोधलेल्यांची ही संख्या, तेव्हा ती कमीच धरावी.

फिनलंडचा दाखला हल्ली सगळे देतात, मीही देतो. तिथं 2008 पासून धोरणच झालं: आधी भाडेकराराचं घर द्या, दारू सुटण्याची, नोकरी लागण्याची अट घालू नका. हेलसिंकीत 1985 मध्ये निवाऱ्यांत 2,121 खाटा होत्या, 2016 मध्ये 52 उरल्या; काही निवाऱ्यांच्याच इमारतींत सदनिका केल्या. पण तिथला बेघर बहुधा एकटा, आणि भाडं भरायला सरकारी भत्ता हाताशी. आपल्याकडे कुटुंबच्या कुटुंब आहे आणि भत्ता नाही. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच, की आधी सुधारा मग छप्पर देतो ही अट उलटी आहे.

पण काहींचं उत्तर काम हे नसतंच. त्यांना आपण इथं का झोपतो हेच सांगता येत नाही. केसांच्या जटा, अंगावर चिंध्या, स्वतःशी बोलणं. त्यांच्यापुढं वडापाव ठेवून आपण पुढं जातो. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी 1988 पासून अशा माणसांना उचलून उपचार करून घरी पोचवायला सुरुवात केली. पुढं कर्जतला त्यांचं केंद्र झालं, 2018 मध्ये डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषधानं माणूस बोलू लागला की गावाचं नाव सांगतो, आणि ते गाव हजार मैलांवर निघतं. घरच्यांनी त्याला मेलेला समजलेलं असतं. ज्यांना परत जायला घर नाही, अशांसाठी चेन्नईच्या 'बनियन' संस्थेनं साध्या वस्तीत भाड्याची घरं घेतली. चार-पाच बायका एकत्र राहतात, स्वयंपाक करतात, शेजाऱ्यांशी भांडतातसुद्धा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 100 सांगतं, की असा भटकणारा माणूस दिसला तर त्याला संरक्षणाखाली घेऊन 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. हे कलम चौकीवर सांगून बघा. सांगणारा माणूस हवा.

उलट दुसरा एक कायदा सगळ्यांना माहीत असतो. 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. यात हात पसरणं एवढाच गुन्हा नाही. चरितार्थाचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी असा फिरतो की भिकेवर जगत असावा, एवढंही पुरतं. वॉरंटशिवाय अटक, आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं कोंडून ठेवणं. दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्ये दिल्लीपुरती यातली मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात, म्हणजे ज्या मातीत तो जन्मला तिथं, तो आहेच. शहरात मोठा सोहळा यायचा असला की हा कायदा बाहेर निघतो.

आता तुम्ही विचाराल, आम्ही करायचं काय? जेवण वाटता तर रोज एकाच ठिकाणी, एकाच वेळी वाटा, आणि वाटणाऱ्यांत चेहरे तेच ठेवा. ओळख झाल्याशिवाय कुणी आपली अडचण सांगत नाही. ब्लँकेटच्या पैशात भाड्याचं एक कुलूपबंद कपाट, अंघोळीची सोय, मोबाइल चार्ज करायची जागा यांतलं एखादं जमतं का पाहा. मंगल कार्यालयं, धर्मशाळा, देवस्थानं तुमच्यापैकीच कुणीतरी चालवतं. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या यात्रेकरूंसाठी आणि इस्पितळात आलेल्यांच्या नातेवाइकांसाठी, कारण अडलेला माणूस कुठं झोपतो हे त्यांनी स्वतः रस्त्यावर राहून पाहिलं होतं. त्यांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा वेगळा आणि बेकारांना रोजगार वेगळा सांगितलेला आहे; मी म्हणेन, हे दोन्ही एकाच रस्त्यावर मिळाले पाहिजेत.

आणि एक काम खर्चाशिवायचं. बेघर माणसाचं नाव मतदार यादीत घालता येतं. नमुना 6 मध्ये तो जिथं झोपतो ती जागा लिहायची, पत्त्याचा पुरावा लागत नाही. बूथ लेव्हल अधिकाऱ्यानं रात्री तिथं जाऊन तो खरंच झोपतो का हे पाहायचं, एकाहून अधिक रात्री. घाटावरची शंभर नावं यादीत गेली, तर पुढच्या निवडणुकीत उमेदवाराला तिथं हात जोडून यावं लागेल आणि निवारा केंद्र गावाबाहेर का, याचं उत्तर द्यावं लागेल. फॉर्म भरायला लिहिता येणारी माणसं लागतात. ती इथं भरपूर बसली आहेत.