सहलीचा हिशेब

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'परदेशातली नोकरी आणि कुटुंब'. मी दोन संध्याकाळी स्लाइड्स करत बसले आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या पुसून टाकल्या. सॉफ्टवेअरमध्ये काय चाललंय ते तुमची मुलं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी आज एका सहलीचा हिशेब सांगणार आहे. चार माणसं, चार दिवस, अकराशे पौंड, इंग्लंडमधल्या आमच्या घरापासून पॅरिसजवळच्या डिस्नेलँडपर्यंत, आमच्याच गाडीने. आणि तो सांगता सांगता तुमची सगळ्यांची एक माफी मागायची आहे. ती बत्तीस वर्षं राहिली आहे.

हे डिस्नेलँड १२ एप्रिल १९९२ रोजी उघडलं. म्हणजे आपण सातवीची वार्षिक परीक्षा देत होतो तेव्हा. पॅरिसच्या पूर्वेला साधारण बत्तीस किलोमीटरवर, मार्न-ला-व्हॅले नावाच्या भागात ते आहे. आम्ही राहतो मिल्टन कीन्सला. मुलीला तिसरीत असल्यापासून कबूल केलं होतं की तू बारा वर्षांची व्हायच्या आत तुला तिथे नेऊ. बाराच्या आतच का, तर तीन ते अकरा वर्षांपर्यंत मुलांचं तिकीट, बारा पूर्ण झाली की मोठ्यांचं. मी इंजिनिअर असले तरी आधी तुमच्याच गावची आहे. अर्ध्या तिकिटाचं वय आपण कधी विसरत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात ती बारा वर्षांची होणार होती. आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. एका सकाळच्या मीटिंगमध्ये अख्ख्या टीमला निरोप मिळाला. घराचा हप्ता, धाकट्याची शाळा सुटल्यानंतरच्या पाळणाघराची फी, सगळं माझ्या एका पगारावर आलं. आम्ही दोघं रात्री मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात बोलायचो. मार्चमधल्या एका रविवारी मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आई, मला नाही जायचं डिस्नेला. ते बेबी लोकांसाठी असतं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ते वाक्य मी ओळखलं. ते माझंच होतं.

आता माफीची गोष्ट. डिसेंबर १९९३, आपण नववीत. आठवतं ना, रायगड आणि जंजिरा, एसटीची लाल गाडी, दोन मुक्काम, वर्गणी एकशे चाळीस रुपये. सहलीच्या सरांनी फळ्यावर हिशेब मांडला होता : बसभाडं, जेवण, मुक्काम, होडी, औषधपाणी. त्या वर्षी माझ्या वडिलांचं कारखान्यातलं हंगामी काम उशिरा सुरू झालं होतं. आई "बघू" म्हणाली. रात्री मला त्या दोघांचं बोलणं ऐकू आलं. सकाळी उठून मी आईला सांगितलं, "मला नाही जायचं. गड चढताना पाय दुखतात." आणि तुम्हाला सगळ्यांना सांगितलं, की आजोळी मामाचं लग्न आहे.

मंडळी, मामाचं लग्न त्याआधीच दोन वर्षं झालं होतं.

तुम्ही गेलात ते तीन दिवस मी घराबाहेर पडले नाही. पडणार कशी? मी तर आजोळी होते ना! अंगणात कुणाची चाहूल लागली की मी माजघरात पळायचे. तुम्ही परत आल्यावर तुमच्यापैकी दोघींनी मला मुरूडच्या किनाऱ्यावरचे शिंपले आणून दिले आणि विचारलं, लग्नात काय काय केलंत? मी जिलबीपासून वरातीपर्यंत सगळं रंगवून सांगितलं. त्या खोट्याबद्दल आज इथे, तुमच्यासमोर, माफी.

तेव्हा मला वाटायचं, मी फार समजूतदारपणा केला. माझ्या मुलीचं वाक्य ऐकलं तेव्हा कळलं, की माझ्या आईलाही ते खरं वाटलं नसणार. तिलाही माझ्याकडे असंच बघत राहावं लागलं असणार.

मी मुलीला तेव्हा काही बोलले नाही. त्या रात्री नवऱ्याशी बोलले आणि पुढच्या रविवारी आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. मी शंभर पानी वही घेतली. ऑफिसात मी दिवसभर स्प्रेडशीट बघते, पण सात वर्षांच्या मुलाला स्प्रेडशीट कळत नाही, वही कळते. पहिल्या पानावर लिहिलं : बाबांची नोकरी गेली आहे. साठवलेल्या पैशांतून या सहलीला अकराशे पौंड देता येतील, त्यापुढे नाही. त्यात बसली तर जायचं, नाही बसली तर नाही जायचं. दोन्हीत लाज नाही.

तयार पॅकेज, डिस्नेच्याच हॉटेलात मुक्काम धरून, आमच्या तारखांना अडीच हजारांच्या पुढे जात होतं. ते पान उलटलं. मग एकेक बाब चौघांत वाटून घेतली.

व्हिसा माझ्याकडे. मुलांचे पासपोर्ट ब्रिटिश, त्यांना लागत नाही. आमचे दोघांचे भारतीय, म्हणून शेंगेन व्हिसा. तेव्हा माणशी ऐंशी युरो आणि वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार, मिळून एकशे पंच्याण्णव पौंड. किमान तीस हजार युरोंचा प्रवास विमा लागतो, त्याचे पंचवीस. ह्या दोन बाबींत काटकसर करता येत नाही, म्हणून त्या आधी लिहायच्या. अर्जात नोकरीचा रकाना असतो. नवरा तिथे पेन धरून बराच वेळ बसला होता. शेवटी त्याने 'सध्या नोकरी नाही' असं स्वच्छ लिहिलं, माझं पगारपत्रक आणि बँकेचा उतारा जोडला, आणि व्हिसा मिळाला.

समुद्र ओलांडणं नवऱ्याकडे. खाडीखालच्या बोगद्यातून गाडी रेल्वेवर चढवून पस्तीस मिनिटांत पलीकडे जाता येतं, पण आम्हाला ते महाग पडत होतं. डोव्हर ते कॅले ही बोट दीड तास घेते. सगळ्यात गैरसोयीच्या वेळेची बोट सगळ्यात स्वस्त. जाताना पहाटेची, येताना रात्रीची घेतली. गाडीसकट चौघांचे जाऊन-येऊन एकशे साठ.

तारखा आणि तिकीट मुलीकडे. तिकिटाचा दर रोज वेगळा असतो. तिने ऑगस्टमधल्या प्रत्येक वाराचे दर एका पानावर उतरवले आणि आठवड्याच्या मधला बुधवार काढला. एकच दिवस, दोनपैकी एकच उद्यान. चौघांचे तीनशे. मुक्काम तिथून अर्ध्या तासावरच्या कॅम्पिंगच्या जागेत, स्वयंपाकघर असलेल्या चाकांच्या घरात, तीन रात्रींचे दोनशे दहा. पेट्रोल आणि टोल मिळून एकशे चाळीस. आयफेल टॉवर कटाक्षाने वगळला. पॅरिसमध्ये शिरलं, की गाडी ठेवण्यापासून खर्च सुरू.

जेवणाला राहिले साठ. इथे माझी खरी परीक्षा होती. ब्रिटनमधून युरोपात आता मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. चीजचं सँडविचसुद्धा चालत नाही. म्हणजे आपल्या दशम्याही बाद, कारण त्या दुधात भिजवतात! मग तेला-पाण्यातले धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, आणि खिचडीचं सामान. धाकट्याकडे खाऊच्या डब्यांची यादी होती. त्याने ती इतकी कडक ठेवली, की मीच एक चकली चोरून खाल्ली तर तिची नोंद झाली.

बेरीज एक हजार नव्वद. वहीत शिल्लक दहा पौंड. मुलीने दोनदा तपासली आणि खाली दोन रेघा ओढल्या. तोपर्यंत 'बेबी लोकांसाठी' हा शब्द कुणीच पुन्हा काढला नव्हता.

सोमवारी रात्री साडेबाराला निघालो. डोव्हरला बोटीत चढायच्या आधीच फ्रान्सच्या पोलिसांनी पासपोर्टवर शिक्का मारला. उभे इंग्लंडात आणि शिक्का फ्रान्सचा, याचं धाकट्याला फार नवल वाटलं. बोटीत नवरा झोपला, कारण पहिला टप्पा त्याने चालवला होता. कॅलेपासून गाडी माझ्याकडे.

फ्रान्समध्ये आपल्या उलट, रस्त्याच्या उजवीकडून चालवतात. आमच्या गाडीचं सुकाणू मात्र इंग्लंडचं, उजव्या बाजूला. बंदराबाहेरच्या पहिल्या चौकात गोलाला उलटा वळसा घालायचा होता. तेव्हा गाडीत कुणी श्वास घेतला नाही. गाडीत त्रिकोण आणि चमकतं जाकीट ठेवणं तिथे सक्तीचं, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून काचेला चिकटपट्ट्या. आणि टोलची खिडकी येते डाव्या हाताला, म्हणजे आमच्या गाडीत चालकाशेजारी बसणाऱ्याच्या बाजूला. तिथे मुलगी बसली होती. ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकून चिठ्ठी ओढायची, आणि समोर नुसतं यंत्र असलं तरी त्याला 'मेर्सी' म्हणायची. कॅलेपासून साधारण तीनशे किलोमीटर. वाटेत महामार्गाकडेच्या थांब्यावर झाडाखाली बाक होते, तिथे धपाटे खाल्ले. शेजारच्या फ्रेंच कुटुंबाने वास घेऊन विचारलं, हे काय? त्यांनाही दिले.

बुधवारी सकाळी उद्यानाच्या दारात पोचलो आणि आमची वही पहिल्यांदा चुकली. गाडी उभी करायचे तीस युरो! ते चौघांपैकी कुणीच धरले नव्हते. मी पंचवीस वर्षं लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढते, आणि माझ्याच हिशेबात पार्किंग नाही. मुलगी मोठ्याने हसली. हिशेबात चूक झाली तरी आभाळ कोसळत नाही, हेही त्या दिवशी वहीत लिहिलं गेलं.

आतलं फार सांगत नाही. डोंगरातून धावणारी खाणीची गाडी तिथे तळ्यातल्या बेटावर आहे, आणि ती पाण्याखालच्या बोगद्यातून बेटावर जाते. धाकटा तिच्यात दोनदा बसला. राजवाड्याच्या तळघरात साखळीने बांधलेला ड्रॅगन आहे, तो डोळे उघडतो तेव्हा माझ्या नवऱ्याने माझा हात धरला, हे त्याच्या परवानगीने सांगते आहे.

एक प्रसंग मात्र सांगायचा आहे. संध्याकाळी एका दुकानात मुलीने मिकीच्या कानांचा पट्टा डोक्यावर घातला, आरशात बराच वेळ बघितलं, आणि काढून ठेवला. माझ्या पोटात खड्डा पडला. वाटलं, परत तेच. मी म्हटलं, "तुझ्या स्वतःच्या पैशांत बसतंय की. घे." ती म्हणाली, "नको गं. घरी गेल्यावर कोण घालणार? त्यापेक्षा दोन क्रेप येतात." आणि तिने दोन क्रेप घेतले, एक भावाला दिला.

मित्रमैत्रिणींनो, मी नववीत म्हणाले होते तेही 'नको' आणि ती म्हणाली तेही 'नको'. पण माझ्या 'नको'मागे 'परवडत नाही' लपलेलं होतं, तिच्या मागे काही नव्हतं. तिला हिशेब माहीत होता, म्हणून तिला खोटं बोलायची गरज उरली नव्हती. पैसे कमी असल्याचं मुलांना कळतंच. आपण सांगितलं नाही तर ती ओझं एकटीने उचलतात, एवढंच होतं.

शेवटचा आकडा, एक हजार एकशे सोळा. सोळा पौंड जास्त. नवऱ्याला नोकरी नोव्हेंबरात मिळाली. मधले तीन महिने सोपे गेले नाहीत, तेही त्याच वहीत आहे.

आता संयोजकांना एक विनंती. शाळेला भेट देण्यासाठी आपण निधी जमवतो आहोत. त्यातला काही भाग दरवर्षीच्या सहलीसाठी राखून ठेवावा. आणि वर्गणी कुणी भरली, कुणी नाही, हे वर्गात वाचलं जाऊ नये. वर्गशिक्षकांना माहीत असावं, बस्स. म्हणजे कुणाच्या मामाला दोनदा लग्न करावं लागणार नाही. माझा वाटा एकशे चाळीस रुपये अधिक बत्तीस वर्षांचं व्याज असा मी आज भरला आहे.

आणि रायगड मी अजून पाहिलेला नाही. तेव्हा रोप-वे नव्हता, आता आहे. पण मी पायऱ्यांनीच चढणार आहे. परवा पहाटे निघते आहे, मुलगी बरोबर आहे, गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. शिंपले आणणाऱ्या दोघींनी आधी नाव द्यावं. खर्च वाटून घेऊ. पार्किंग धरलेलं आहे.