"बरोबर कोणी नाही?"

(आपल्या गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला आज 'केंद्राच्या कामातील अनुभव' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. संयोजिकांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. मी सहलीबद्दल बोलणार आहे. हसू नका. या सहलीहून परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी एका बाईशी खोटं बोलले. ते खोटं मला अजून टोचतं, म्हणून हा विषय.

ही बाई आमच्या सल्ला केंद्रावर येते. मारझोड करणाऱ्या नवऱ्याला सोडून दोन मुलींना घेऊन वेगळी राहते, चार घरची धुणीभांडी करते. ती म्हणाली, "ताई, आठवडाभर कुठं होता? मी दोनदा येऊन गेले." मी पटकन म्हणाले, "शिबिराला गेले होते." शिबिर-बिबिर काही नव्हतं. पाच मैत्रिणींबरोबर मी कोकणच्या किनाऱ्यानं गाडीतून हिंडत होते, रात्री तंबू ठोकून झोपत होते. तसं सांगायची मला लाज वाटली.

का वाटली? बाईनं घराबाहेर पडायचं तर कारण लागतं. माहेरपण, बाळंतपण, मयत, देवदर्शन, बाजार. आपल्या चळवळीनं त्यात मोर्चा, शिबिर आणि परिषद यांची भर घातली. ती भर लहान नाही, तिच्यासाठी आधीच्या पिढीनं घरात भांडणं केली आहेत. पण कारण लागतं, हा नियम मात्र आपणही मोडला नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या वावराचा अभ्यास करून २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. काही काम नसताना सार्वजनिक जागी नुसतं असणं हा बाईचा हक्क आहे, असं त्या म्हणतात. मी ते वाचलं होतं, शिबिरातून त्यावर बोललेही होते. प्रत्यक्षात उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून 'शिबिर'च निघालं.

आम्ही सहाजणी होतो. दोन शिक्षिका, एक नर्स, एक वकील, एक बँकेत काम करणारी आणि मी. सगळ्यात धाकटी एकोणतीस वर्षांची, मोठी बावन्नची. गाडी वकील मैत्रिणीची, तंबू दोन, मागून आणलेले. निघायच्या आधी सहाही घरांतून एकच प्रश्न आला, "बरोबर कोण आहे?" आम्ही सांगायचो, "आम्ही सहाजणी." मग पुढचा प्रश्न, "म्हणजे बरोबर कोणी नाही?" सहा मोठ्या, कमावत्या बायका म्हणजे 'कोणी नाही'! एकीचा भाचा पंधरा वर्षांचा आहे. तो आला असता तर 'कोणीतरी आहे' म्हणून सगळ्यांना झोप लागली असती.

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घातली, पलीकडे वेसवीला उतरलो आणि बाणकोटवरून वेळासला गेलो. किनारा सोडायचा नाही असं ठरवलं होतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जांभा दगडाचे सडे, मधून वळणाचा अरुंद रस्ता. खाडी आली की बोटीची वाट बघत अर्धा-पाऊण तास नुसतं बसायचं. पहिल्या दिवशी आम्हाला ते बसणंसुद्धा जमत नव्हतं. एकजण पर्स आवरत होती, दुसरी घरी फोन करून गॅस सिलिंडरचा नंबर लावायची आठवण करत होती. मी तर चक्क केसच्या नोंदी काढून बसले होते. रिकामं बसणं ही शिकायची गोष्ट आहे, हे तिथं कळलं.

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. २००२ पासून तिथं गावकऱ्यांच्या मदतीनं घरट्यांचं संरक्षण होतं. उजेडाचा आणि वर्दळीचा कासवांना त्रास होतो, म्हणून तंबू आम्ही एका घराच्या अंगणात लावले. कासवाची मादी रात्री एकटी वर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा फिरकत नाही. पन्नासेक दिवसांनी पिल्लं आपापली समुद्राकडे चालू लागतात. सकाळी पिल्लं सोडताना शेजारी उभे असलेले एक गृहस्थ मुलांना सांगत होते, "बघा, याला म्हणतात आईचं काळीज!" आमची नर्स हळूच म्हणाली, "अहो, ती तर त्याच रात्री निघून गेली." मातृत्वाचे गोडवे गायला आपल्याला कासवसुद्धा पुरतं.

दुसऱ्या दिवशी केळशीच्या पुढं आम्ही वाळूवरच तंबू लावत होतो. जवळून मासळीची टोपली घेऊन चाललेली एक मावशी थांबली आणि म्हणाली, "पुनव आहे, उधाणाचं पाणी इथवर येईल. सुरूच्या झाडांपाशी लावा." पौर्णिमा-अमावास्येला भरती मोठी असते, हे आमच्यातल्या विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना पुस्तकातून ठाऊक होतं. तंबू कुठं लावायचा, हे मात्र त्या मावशीला ठाऊक होतं. रात्री खरोखरच पाणी आमच्या पहिल्या जागेवरून गेलं.

आता एका अडचणीबद्दल बोलते. सगळ्या जाणता, पण भाषणात कोणी बोलत नाही. लघवीला जायचं कुठं? बोटीच्या धक्क्यावर, एसटी थांब्यावर, किनाऱ्यावर जिथं जिथं आम्ही थांबलो, तिथं स्वच्छतागृह एक तर नव्हतं किंवा त्याला कुलूप होतं. दोघींची पाळी चालू होती. दुपारपर्यंत लक्षात आलं की न ठरवता सहाहीजणी पाणी कमी पीत होतो. ही सवय आपल्याला कोणी शिकवली? नर्स मैत्रीण रागावली. मूत्रमार्गाचे आजार याच सवयीनं होतात, हे ती रोज दवाखान्यात बायकांना सांगते आणि स्वतःही तेच करत होती.

संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव बघायला थांबलो. समोर सुवर्णदुर्ग, बोटींवरून उतरणारी मासळी, वाळूत मांडलेले ढीग आणि मोठ्यानं चाललेली बोली. पर्यटक फोटो काढतात, आम्हीही काढले. मासळी निवडणाऱ्या एका बाईला मी विचारलं, "मावशी, इथं बायकांसाठी सोय आहे का?" ती हसली. "तुम्ही दोन दिवस फिरता तर विचारता. आमचा जन्म गेला." मुंबईत २०११ पासून संघटनांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली. हा प्रश्न शहरापुरता नाही. जिथं बायका दिवसभर उभ्यानं काम करतात, त्या बंदरावर तो शहराइतकाच मोठा आहे.

तिसऱ्या रात्री भीतीची वेळ आली. गावाचं नाव सांगत नाही, ते कुठलंही असू शकतं. जेवणं आटोपून आम्ही वाळूवर गात बसलो होतो. दोन मोटारसायकली आल्या. पोरांनी दिवे आमच्यावर रोखले, दोन फेऱ्या मारल्या, काहीबाही बोलले आणि गेले. एवढंच. पण ती परत येतील का, हे कुणाला ठाऊक! त्यानंतर आमच्यात जे भांडण झालं ते मला तुम्हाला सांगायचं आहे. तिघी म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता निघू. दोघी म्हणाल्या, हललो तर हरलो. एक रडायला लागली. मी रोज बायकांना 'घाबरू नका' सांगते. माझे हात कापत होते. धीट दिसण्यासाठी राहायचं, हेही एक प्रकारचं ओझंच आहे, असं तेव्हा वाटलं.

शेवटी आम्ही जवळच्या घराचं दार वाजवलं. सत्तरीच्या एक आजी बाहेर आल्या. त्यांनी पोरांची नावं विचारली नाहीत आणि आम्हाला 'रात्रीच्या बाहेर कशाला आलात' असंही म्हटलं नाही. "माझ्या आगरात लावा तंबू," म्हणाल्या. नारळी-पोफळीच्या त्या आगरात त्या स्वतः कंदील घेऊन उभ्या राहिल्या. मग आमच्याजवळच बसल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "लग्न होऊन या घरात आले त्याला पन्नास वर्षं झाली. समुद्र रोज ऐकते. रात्रीचा बघायला कधी गेले नाही." कुणी अडवलं होतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "अडवायला आधी जाते म्हणायला हवं ना."

मध्यरात्री आम्ही सातजणी किनाऱ्यावर गेलो. चांदणं होतं. आजी तासभर बसल्या, फारसं बोलल्या नाहीत. मोटारसायकली परत आल्या नाहीत. आल्या असत्या तरी त्या गावात आता आमच्या 'बरोबर कोणीतरी' होतं, आणि ती एक म्हातारी बाई होती.

दुसऱ्या दिवशी दाभोळहून बोटीनं धोपाव्याला उतरलो. तिथून जवळच वेलदूर. तरुण मुलींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाला इथल्या कोळी बायकांनी कडवा विरोध केला होता. प्रकल्पाच्या पाण्यानं खाडीतली मासळी जाईल, ही त्यांची भीती होती. ३ जून १९९७ ला पहाटे, पुरुष समुद्रावर गेलेले असताना, पोलीस या बायकांच्या घरांत शिरले. त्यांना मारहाण करत बाहेर ओढलं आणि अटक केली. त्यांत एक गरोदर होती. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचनं १९९९ च्या अहवालात याची नोंद केली आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अपवादात्मक परिस्थितीखेरीज अटक करू नये, आणि तेव्हाही महिला पोलीस अधिकाऱ्यानं न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी, ही तरतूद कायद्यात आली ती २००५ च्या दुरुस्तीनं.

आदल्या रात्री मला वाटत होतं, घरात असतो तर सुरक्षित असतो. वेलदूरच्या बायका घरातच होत्या. आपल्या केंद्रावर येणाऱ्या बहुतेक जणी मार खातात त्या स्वतःच्या घरात, ओळखीच्या माणसाच्या हातचा. तरीही 'घर सुरक्षित, रस्ता धोक्याचा' हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलेलं आहे की घरात मार खाल्लेली बाईसुद्धा रात्री बाहेर पडायला घाबरते. त्या भीतीमुळेच ती मारणाऱ्याजवळ राहते.

आणखी एक गोष्ट, आमच्याच आतली. गुहागरला रात्री आमची बौद्ध मैत्रीण बोलली. कुठंही पाणी किंवा जागा मागताना लोक आधी 'आडनाव काय?' विचारत. ती म्हणाली, "तीन दिवस बघते आहे. मी तोंड उघडायच्या आत तुमच्यातली कुणीतरी आपलं आडनाव पुढं करते. माझी सोय होते, पण मला कुणी विचारलं नाही." आमच्यातली मुसलमान मैत्रीण नुसती मान हलवत होती. आम्ही चौघी गप्प झालो. आम्हाला वाटत होतं आम्ही सांभाळून घेतो आहोत. रस्ता सहाजणींना सारखाच मोकळा नव्हता. दोघींना तो आमच्या आडनावाआड लपून चालावा लागत होता. पुढं तवसाळहून जयगडला गेलो, तिथून रत्नागिरीपर्यंत. त्या दोन दिवसांत जिला विचारलं जाईल तिनंच उत्तर द्यायचं ठरलं. एका ठिकाणी 'जागा नाही' असं उत्तर आलं. मग सहाहीजणी तिथून निघालो.

मग काय करायचं? तीन गोष्टी सुचवते. एक, बंदरं, फेरीबोटीचे धक्के आणि एसटी थांबे इथं पाणी, दिवा आणि उघडं स्वच्छतागृह हवं, ही मागणी ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत आणि बंदर खात्याकडे लेखी लावून धरू. दोन, आपल्या प्रत्येक गटानं वर्षातून एकदा बिनकामाची सहल काढावी. बचत गटातून कर्ज आजारपणाला मिळतं, लग्नाला मिळतं. फिरायला का नाही? आम्हाला माणशी चार हजारांच्या आत खर्च आला. तोही सगळ्यांना परवडणार नाही, म्हणून ज्यांना जमतं त्यांनी जास्त घालावेत. तीन, त्या दिवसांत घरचं रांधणं आणि पोरं घरातल्या पुरुषांनी बघावीत. आधी चार दिवसांच्या चपात्या लाटून ठेवून निघायचं नाही. मी तसं करून निघाले होते, हेही कबूल करते.

शेवटी त्या बाईबद्दल. पंधरा दिवसांनी ती आली तेव्हा मी तिला खरं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, 'तुमचं बरं आहे ताई.' ती म्हणाली, "मग तेव्हाच का नाही सांगितलं? निदान ऐकलं तरी असतं." तासभर बसून तिनं सगळं विचारून घेतलं. बोटीत गाडी कशी चढते, तंबूत साप येत नाही का, आजी पुढं काय म्हणाल्या. मग विचारलं, "मुली आणल्या तर चालतील का?"

चालतील. पुढच्या सहलीच्या यादीत तिचं नाव पहिलं आहे. यादी मी बरोबर आणली आहे. चहाच्या सुट्टीत ज्यांना यायचं असेल त्यांनी नावं द्यावीत. घरी विचारून सांगते, असं मात्र म्हणू नका.