शिक्षकांनी एकमेकांचे पाठ पाहावेत
(नेकनूर येथील पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



बी.एड., डी.एड. करताना सराव पाठ असतात. एकाने शिकवावयाचे, बाकीच्यांनी मागच्या बाकावर बसून निरीक्षण वहीत नोंदी करावयाच्या व मग त्यावर बोलावयाचे. नोकरी लागली की हा परिपाठ बहुधा सुटतो. पुढे वर्गात कोणी येऊन बसलेच तर लॉगबुक घेऊन मुख्याध्यापक, नाही तर तपासणीचे अधिकारी. त्या दिवशी पाठ कसा रंगतो, हे विद्यार्थी मित्रांना मी सांगावयास नको!

महिन्यातून एक तास तरी शिक्षकाने सहकाऱ्याच्या वर्गात बसावे, असे माझे म्हणणे आहे. मात्र पाहावयाचे ते शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे. आपल्या उर्दू शाळांचेच घ्या. मूल एका तासाला उजवीकडून डावीकडे वाचते आणि पुढच्याच तासाला मराठी डावीकडून उजवीकडे. फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकास त्याचे बोट ओळीवर कोठे अडले ते दिसत नाही. शेजारी बसलेल्यास दिसते. उर्दू वर्णमालेत 'ळ' नाही. मूल 'शाळा'चे 'शाला' करते, तसेच लिहिते आणि गुण जातात. मराठीच्या शिक्षकास तो निष्काळजीपणा वाटतो. तेथे उर्दूचे शिक्षक बसले असतील तर ते सांगतील की, हा उच्चार मुलाच्या घरच्या बोलीतच नाही, तो कानावरून शिकवावा लागेल. आणि ऊसतोडीवरून काही महिन्यांनी परतलेले मूल? ते गप्प बसते म्हणून शहाणे ठरते. तासभर त्याने वहीच उघडली नाही, हे कोणाच्या तरी नजरेस पडले पाहिजे.

जपानात शिक्षक मिळून पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, इतर मुलांचे निरीक्षण करतात व नंतर चर्चेला बसतात. शंभराहून अधिक वर्षांची ही परंपरा आहे.

आपल्याकडे अडचण भीतीची आहे. म्हणून संस्थाचालकांना विनंती की, या नोंदी लॉगबुकात वा गोपनीय अहवालात मुळीच जाऊ नयेत. एकदा गेल्या की सगळे गोडगोडच लिहितील. या तासाला बदली तासाचे काम लावू नये. पालकांनीही वर्गात दोन शिक्षक दिसले तर 'सरांना येत नाही म्हणून दुसरे बसवले' अशी चर्चा गावात करू नये.

पुढील सत्राच्या वेळापत्रकातच असा तास ठेवावा. सुरुवात मराठी व उर्दूच्या शिक्षकांनी करावी. गणित, विज्ञानाचे शिक्षक मागाहून येतील.