मोत्याविना हेलसिंकी: परदेशातला डॉग शो बघायला जाताना

आज पुण्याच्या फ्लॅटमधून नाही, हर्णेच्या घरातून रेकॉर्ड करतोय. मागे जो गलका ऐकू येतोय तो बंदरावरच्या संध्याकाळच्या लिलावाचा. आणि मध्येच कुणी घोरल्यासारखं वाटलं तर तो मोत्या. आमचा लॅब्रॅडॉर, माझ्या टेबलाखाली झोपलाय.

ऑगस्ट २०२५ मध्ये मी हेलसिंकीला वर्ल्ड डॉग शो बघून आलो. तेव्हापासून बऱ्याच जणांनी विचारलं, की बाबा रे, असं जायचं कसं? म्हणून हा एपिसोड. पण सुरुवात माझ्या चुकीपासून करतो, कारण तीच सगळ्यात महाग पडली.

मला मोत्याला सोबत न्यायचं होतं. केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद होते, पुण्यात एका शोमध्ये रिंगमध्ये फिरलाही होता. फेब्रुवारीत त्याला रेबीजची लस दिली, मार्चमध्ये मायक्रोचिप बसवली, एप्रिलमध्ये रक्त तपासणीला पाठवलं. सगळं वेळेत, एक्सेल शीट करून. मे महिन्यात कागद पुन्हा वाचताना एक ओळ दिसली: चिप आधी, लस नंतर. चिपच्या आधी दिलेली लस युरोप धरतच नाही. लस बाद, म्हणून रक्ताचा रिपोर्टही बाद. डिपेंडन्सीचा क्रम चुकला की बिल्ड फुटतं हे मी रोज ज्युनिअरना सांगतो, आणि स्वतः तेच केलं. एंट्री फी गेली. नियम ऑनलाइन समोर होता, मीच वाचला नव्हता.

म्हणून कुत्रा न्यायचाच असेल तर क्रम लिहून घ्या. आधी पंधरा अंकी आयएसओ चिप. मग रेबीजची लस. त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं, आणि ते युरोपने मान्यता दिलेल्या लॅबमध्येच तपासायचं. अँटिबॉडी ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त हव्यात. आणि रक्त घेतलेल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने. ऑगस्टचा शो असेल तर जानेवारीतच सुरुवात करा. फिनलंडसाठी अजून एक: पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत डॉक्टरांकडून जंताचं औषध आणि त्याची नोंद. निघताना सरकारी अ‍ॅनिमल क्वारंटाईन केंद्राचं हेल्थ सर्टिफिकेट, आणि परत आणताना त्यांचीच एनओसी.

ते तीन महिने मला आधी नुसती कटकट वाटली होती. मग आईने आठवण करून दिली. सातवीत असताना मला बंदरावरचं एक कुत्रं चावलं होतं. मासळी उतरते तिथे ती असतातच. आईने वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुतली, बाबांनी तसंच बाईकवर बसवून दापोलीला सरकारी दवाखान्यात नेलं. इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स झाला. ते कुत्रं त्याच आठवड्यात मेलं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. लसीच्या आधीच लागण झालेली असेल तर ती लपून राहू नये, त्या काळात बाहेर यावी, म्हणून ते तीन महिने. फिनलंड रेबीजमुक्त आहे आणि त्यांना तसंच राहायचंय. माझ्या गुडघ्याखाली अजून वण आहे. मी कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

मग मी एकटाच गेलो. आणि खरं सांगू? पहिल्यांदा असंच जा.

आता तुमचे कागद. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांसाठी ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, शेवटचे १५ दिवस उरेपर्यंत थांबू नका. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा. कव्हर लेटरमध्ये 'डॉग शो बघायला' असं लिहायची मला लाज वाटत होती. लाजू नका, सरळ लिहा. शोचं तिकीट, रजेचं पत्र आणि राहण्याचं बुकिंग जोडा. कारण आणि कागद जुळले पाहिजेत, एवढंच.

विमानाचं तिकीट काढायच्या आधी शोचं वेळापत्रक बघा. या शोमध्ये जाती दहा गटांत विभागलेल्या असतात आणि वेगवेगळे गट वेगवेगळ्या दिवशी रिंगमध्ये येतात. तुम्ही शनिवारी पोहोचलात आणि तुमची जात शुक्रवारी होऊन गेली, तर काय उपयोग?

हेलसिंकीत विमानतळावरून लोकल ट्रेन थेट पासिला स्टेशनला जाते, साधारण अर्धा तास. तिथून शोचा हॉल, मेसुकेस्कुस, चालत गाठता येतो. तिकीट एबीसी झोनचं काढा, विमानतळ सी झोनमध्ये आहे.

खाण्याचं एक मजेशीर आहे. युरोपात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. आईचं तूप आणि पेढे घरीच राहिले. कुत्र्यांसाठीचे चिकनचे ट्रीट्सही नकोत. पण स्वतःला खायला मासळी २० किलोपर्यंत चालते! म्हणजे हर्णेचे सुके बोंबील कायदेशीर. बॅगेतल्या कपड्यांचं काय होईल ते मात्र तुम्ही बघा.

हॉलमध्ये दोन गोष्टी सांभाळा. विचारल्याशिवाय कुठल्याही कुत्र्याला हात लावू नका, रिंगमध्ये जायच्या आधी तर नाहीच. तासभर बसून केस नीट केलेले असतात. आणि दुसऱ्याच्या कुत्र्याला काहीही भरवू नका. जजिंग संपल्यावर लोक आपणहून गप्पा मारतात. एका बाईंनी मला त्यांच्या लॅब्रॅडॉरसोबत अर्धा तास बसू दिलं.

तिथे बसूनच मला मोत्या दिसायला लागला. लाऊडस्पीकर, शेकडो पिंजरे, अनोळखी वास. त्या बाईंची कुत्री लहानपणापासून यात वाढलेली, निवांत झोपली होती. आमचा मोत्या गणपतीत फटाके वाजले की कॉटखाली जातो. त्याला कितीतरी तास विमानाच्या पोटात, क्रेटमध्ये ठेवायचं, तेही गुंगीचं औषध न देता, कारण उडताना ते धोक्याचं असतं. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर बऱ्याच विमान कंपन्या घेतच नाहीत. निघायच्या आधी बाबांनी विचारलं होतं, "त्याला विचारलंस का, त्याला यायचंय का?" तेव्हा मी हसलो होतो.

परत आल्यावरची टीप शेवटची, पण विसरू नका. पार्वोसारखे विषाणू बुटांवर, कपड्यांवर टिकतात. शोमधले कपडे वेगळ्या पिशवीत आणा, बूट जंतुनाशकाने धुवा, आंघोळ करा आणि मगच आपल्या कुत्र्याला भेटा. घरात लस न झालेली पिल्लं असतील तर अजून जास्त जपा. मी आलो तेव्हा आईने मोत्याला धरून ठेवलं, मी मागच्या दाराने न्हाणीघरात. तो अख्खा वेळ भुंकत होता.

त्याच्या चिपनंतरची लस झालीय, नवा रिपोर्टही आलाय. म्हणजे कागदावर तो आता युरोपला जाऊ शकतो. पण मी त्याला नेणार नाहीये. पुढच्या वेळीही एकटाच जाईन, आणि येऊन त्याच्याबरोबर किनाऱ्यावर फिरायला जाईन.

तुमचा प्लॅन असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. आणि तुमच्या कुत्र्याची रेबीजची लस कधी झाली होती, ती तारीख आजच बघा. परदेशी जायचं नसलं तरी. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. मोत्या, चल रे, उठ!