भिंत का पडली?

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागात शिकवते. दरवर्षी निकालाच्या दिवसांत पालक भेटायला येतात. त्यांतले मुलींचे पालक हमखास एक प्रश्न विचारतात, "मॅडम, पोरीचं बी.ई. झालं. आता एम.टेक.ला आणखी दोन वर्षं घालून तिला काय मिळणार?" उभ्या उभ्या या प्रश्नाचं उत्तर देणं मला जमत नाही. आज निवांत वेळ मिळाला आहे, तर माझी स्वतःचीच हकीकत सांगते.

माझे वडील गवंडी होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या चार-पाच गावांत त्यांच्या हातची घरं होती. भिंती दगड-मातीच्या, दोन-अडीच फूट जाडीच्या, आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात आत गारवा असायचा. अण्णांचा ओळंबा कधी चुकत नाही, असं लोक म्हणायचे.

१९९३ साली मी आठवीत होते. २९ सप्टेंबरला गणपतीचं विसर्जन झालं. लोक उशिरा घरी येऊन झोपले. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. किल्लारीचा तो भूकंप सगळ्यांना ठाऊक आहे. हजारो माणसं गेली, आणि बहुतेक जण स्वतःच्याच घरात झोपेत गेले.

आम्ही वाचलो. आमच्या जुन्या घराला लाकडी खांब आणि तुळया होत्या. भिंती बाहेर कोसळल्या, पण माळवद खांबांवर तरलं. समोरच्या घराला असे खांब नव्हते. ते घर अण्णांनी दोन वर्षांपूर्वीच बांधलं होतं. त्यात चार माणसं गेली. त्यांतली एक माझ्या वर्गातली मुलगी होती. उजाडायच्या आधीपासून अण्णा हातांनी ते दगड उपसत होते. स्वतः रचलेले दगड.

त्यानंतर अण्णांनी थापी हातात धरली नाही. पुनर्वसनाची घरं बांधली जात होती, तिथं ते माल कालवायला, विटा वाहायला जात. कामाला बोलावणारे लोक दारात येत. अण्णा "आता डोळ्याला दिसत नाही" असं सांगून त्यांना परत पाठवत. डोळ्यांना काही झालं नव्हतं. एकदा जेवता जेवता ते आईला म्हणाले, "पाया चांगला होता, ओळंब्यात होती, दगड काळा होता. मग भिंत का पडली?" आई काही बोलली नाही. मी मात्र तो प्रश्न ऐकला आणि तो माझ्या मनातून कधी गेला नाही.

दहावीनंतर मी तंत्रनिकेतनात पदविकेला गेले. शाखा निवडताना टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "मुलींनी सिव्हिल घेऊ नये. उन्हातान्हात साइटवर कोण उभं राहणार? कॉम्प्युटर घे." मी सिव्हिलच घेतलं. १९५३ सालीच मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधून शकुंतला भगत स्थापत्य अभियंता होऊन बाहेर पडल्या होत्या आणि पुढे त्यांनी पूल उभारण्याची स्वतःची पद्धत विकसित केली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. १९४०च्या दशकात मद्रासच्या गिंडी कॉलेजात शिकलेल्या पी. के. थ्रेसिया १९७१मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या, हेही माहीत नव्हतं. माहीत असतं, तर त्या गृहस्थांना उत्तर देता आलं असतं.

पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळाला. तिसऱ्या वर्षाला असताना, २६ जानेवारी २००१ रोजी, सकाळी झेंडावंदनाच्या सुमाराला कच्छमध्ये भूकंप झाला. टीव्हीवर भुजची दृश्यं पाहताना मला आमच्या गावचे ढीग दिसत होते. तिथंही दगडांच्या भिंती तशाच फुटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं, "सर, दगडाची भिंत भूकंपात नेमकी कशी पडते?" सर प्रामाणिक होते. म्हणाले, "आपल्या अभ्यासक्रमात काँक्रीट आहे, पोलाद आहे. दगड-मातीची भिंत नाही. हे शिकायचं असेल, तर रुरकीला जा. तिथं भूकंप अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग १९६० सालापासून आहे."

रुरकी! नकाशात शोधावं लागलं. त्यासाठी गेटची परीक्षा द्यावी लागते. ती मी शेवटच्या वर्षी दिली आणि निवड झाली. त्याच महिन्यात एका ठेकेदाराच्या कार्यालयात मला नोकरीही मिळत होती, पण "टेबलावर बसून ड्रॉइंग करायचं, साइटवर यायचं नाही" या अटीवर. आणि मामांनी एक स्थळही आणलं होतं. मुलगा चांगला होता, नोकरीत होता. मामा आईला म्हणाले, "अक्का, आणखी शिकली तर हिच्या तोलाचा नवरा कुठून आणायचा?" आईलाही ते पटत होतं. तिचं मी चुकीचं म्हणत नाही. पोरीचं भलं तिला तेवढ्यापुरतंच दिसत होतं.

अण्णा तोवर गप्प होते. मग ते म्हणाले, "भिंत बांधली की पाणी मारावं लागतं. घाई केली की तडा जातो. जाऊ द्या तिला." माझ्या शिक्षणाबद्दल ते तेवढंच बोलले.

रुरकीत गंगेचा मोठा कालवा गावाच्या मधून वाहतो. त्या कालव्यासाठी अभियंते हवे होते, म्हणून १८४७मध्ये तिथं कॉलेज निघालं. पुढे त्याचं विद्यापीठ झालं आणि २००१ साली आयआयटी. वर्गात आम्ही मुली मोजक्याच होतो. थंडी अशी, की आईनं दिलेली गोधडी पहिल्याच आठवड्यात कमी पडली. इंग्रजीत प्रश्न विचारायला जीभ उचलत नसे. पहिल्या सत्रात गतिशास्त्राच्या विषयात मी जेमतेम पास झाले. रात्री वाटायचं, मामांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

मग एक दिवस मी ती गाडी पाहिली. रुळांवर एक सपाट वॅगन, तिच्यावर दगडी घराची छोटी प्रतिकृती बांधायची. दुसरी वजनदार वॅगन उतारावरून सोडायची आणि तिची धडक पहिलीला द्यायची. भूकंपाचा झटका असा साध्या युक्तीनं तयार करतात. एकच दगड, एकच माती, पण दोन घरं दोन तऱ्हांनी बांधायची आणि कुठलं टिकतं ते पाहायचं.

तिथं मला अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आपली जाड दगडी भिंत दिसायला एक असते, पण खरं तर त्या दोन भिंती असतात. बाहेरून एक दर्शनी थर, आतून एक, आणि मध्ये दगडगोट्यांचा नि मातीचा भराव. दोन्ही थरांना धरून ठेवणारं काही नसलं, तर हादऱ्यानं भराव खाली बसतो, थर फुगतात आणि वेगळे होऊन कोसळतात. वरच्या माळवदाचं काही टन ओझं मग थेट खाली येतं. ओळंबा कितीही सरळ असला, तरी त्यात काही फरक पडत नाही.

उपाय महाग नाही. भिंतीच्या पूर्ण जाडीएवढा लांब दगड आरपार घालायचा. उंचीत दर दोन फुटांवर, आणि आडवं अंतर चार फुटांपेक्षा जास्त नको. भिंतीची जाडी दीड फुटाच्या वर नेऊ नये. दारं-खिडक्यांच्या वरून घराला चारी बाजूंनी काँक्रीटचा किंवा लाकडाचा सलग पट्टा बांधायचा. हे नियम भारतीय मानकांत १९९३ सालापासून छापलेले आहेत. पण आमचा भाग तेव्हाच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो २००२मध्ये वरच्या पट्ट्यात गेला. गावच्या गवंड्यापर्यंत नकाशाही पोचला नव्हता आणि मानकही नाही.

त्या दिवाळीला घरी आले. फराळ झाल्यावर पाटीवर भिंतीचा छेद काढून अण्णांना सगळं समजावलं. ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या आज्यानं बांधलेल्या वाड्यात असे लांब दगड होते. तो त्यांना नाव ठेवून घालायचा. ते घडवायला वेळ लागतो. मालक मजुरी द्यायचे नाहीत. आम्ही सोडून दिले."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "म्हणजे चूक माझी होती?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण दोन वर्षं ज्यासाठी घालवत होते, तेच खोटं करायचं? मी म्हणाले, "चूक होती, अण्णा. पण तुमच्या एकट्याची नव्हती. ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी तुम्हाला येऊन सांगितलं नाही."

अण्णा उठून बाहेर गेले. मला वाटलं, मी त्यांचं मन मोडलं. उन्हाळ्यात घरी आले, तर गावातल्या एका गोठ्याची भिंत चालू होती आणि अण्णा तिथं थापी घेऊन बसले होते. नऊ-दहा वर्षांनी. मला बघून त्यांनी फक्त बोटानं दाखवलं. दर दोन फुटांवर एक लांब दगड आरपार घातला होता. पुढे असतील तितकी वर्षं, कुठं दगडाचं काम दिसलं की अण्णा थांबत आणि तिथल्या पोरांना विचारत, "जोडणारा दगड कुठाय?"

तेव्हा पालकहो, दोन वर्षांनी काय मिळतं, याचं माझं उत्तर हे आहे. पगार वाढतो की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण पदवीत आपण दुसऱ्यांनी सोडवलेली गणितं सोडवतो, आणि पुढच्या शिक्षणात स्वतःचा प्रश्न घेऊन बसता येतं. मुलीकडे असा प्रश्न आहे का, एवढं तिला विचारा. असेल, तर वाट अवघड नाही. गेटचे गुण तीन वर्षं ग्राह्य धरतात, त्यावर एम.टेक.ला प्रवेश मिळतो आणि विद्यावेतनही. नोकरी करूनही पुढे जाता येतं. माझं लग्न रुरकीहून परतल्यावर झालं. मामांनीच जमवलं.

आणि मुलींनो, साइटवर उन्हात कोण उभं राहणार, असं कुणी विचारलं, तर सांगा, आमच्या आया-मावश्या पिढ्यान्‌पिढ्या तिथं डोक्यावर पाट्या घेऊन उभ्याच आहेत. आता नकाशा हातात घेऊन उभं राहायचं आहे, इतकंच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)